‘कार्बन डेटिंग’ला मराठीत काय म्हणावं?

कातळफूल : मुलीच्या शाळेच्या प्रकल्पातला मजकूर तपासतेय. त्यात एक वाक्य आहे : ‘डायनोसॉरच्या जीवाश्माचे कार्बन डेटिंग केले असता त्याचे वय ६.६ कोटी वर्षे निघाले.’ डेटिंगच्या जागी काय घालू? ‘कालनिर्णय’ म्हटलं की भिंतीवरचं कॅलेंडरच डोळ्यांपुढे येतं.

मुरूम : कालमापन. कालनिर्धारणही चालेल, जरा जड आहे. पण शब्द बदलून हे वाक्य सुधारणार नाही. कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन अवशेषांत हळूहळू घटत जातो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं, पन्नासेक हजार वर्षांनंतर मोजण्याजोगं फारसं काही उरत नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननातल्या, काही हजार वर्षं जुन्या कोळशाला ही पद्धत ठीक, डायनोसॉरला नाही. आपल्याकडे कुठल्याही कालमापनाला सरसकट ‘कार्बन डेटिंग’ म्हणतात, वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं.

चुनखडी : ‘अर्धायुष्य’ हा शब्दच मला खटकतो. दोन अर्धायुष्यं झाली की खेळ संपला असं वाटतं. प्रत्यक्षात पाव भाग उरलेला असतो.

मुरूम : खरंय, पण रुळलाय. आता कोण बदलणार?

कातळफूल : मग नुसतं ‘जीवाश्माचे कालमापन’ लिहू?

मुरूम : लिहा, पण इतक्या जुन्या काळाच्या बाबतीत मोजतात तो बहुधा खडक, हाड नव्हे. लाव्हा वितळलेला असताना त्यातला आर्गॉन वायू निसटून जातो. थिजला की त्यातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० पासून तयार होणारा आर्गॉन आत अडकून साठायला लागतो. या पोटॅशियमचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. म्हणजे सह्याद्रीतल्या काळ्या कातळाचं ‘वय’ तो थिजला तेव्हापासूनचं. गाळाच्या खडकात मात्र ‘वय’ हा शब्द चकवतो. वाळूचा कण दुसऱ्याच कुठल्या खडकातून झिजून आलेला, थराहून कितीतरी म्हातारा! त्याचं वय काढून थराचं कळत नाही. म्हणून जीवाश्माच्या वर-खाली लाव्हा किंवा ज्वालामुखीची राख सापडते का ते बघायचं, आणि तो जीव ‘या दोहोंच्या दरम्यानचा’ म्हणायचा. एवढ्यासाठीच मला ‘वयमापन’ नको, ‘कालमापन’ बरं वाटतं.

वर्धाकाठ : आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा आठवलं. तिथल्या थरांत डायनोसॉरांची हाडं मिळतात, विष्ठाश्मही मिळतात. (हा शब्द शिष्ट आहे, आम्ही सरळ ‘दगड झालेलं शेण’ म्हणतो.) त्या शेणात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर गवत हे डायनोसॉर संपल्यानंतरचं, असाच समज होता. शेण कुठल्या काळातलं हे ठरलं नसतं, तर गवताचा इतिहास एवढा मागे नेता आला नसता.

चुनखडी : जाता जाता ‘कल्पा’चंही बघा. पुराणातला कल्प ४३२ कोटी वर्षांचा, भूशास्त्रातला ज्युरासिक कल्प जेमतेम साडेपाच कोटींचा. प्रकल्पात दोन्ही एकत्र आले तर गोंधळ होईल.

कातळफूल : कल्प नाहीये, सुटले. वाक्य असं केलंय : ‘हे हाड ज्या थरात सापडले, त्यावरचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजला. म्हणजे हा डायनोसॉर त्याआधीचा.’ डेटिंग गेलं, कालमापनही गेलं.

मुरूम : उत्तम. कालमापन शीर्षकात घाला.