घरमालक मला 'लायसन्स' देतो, त्याला कोण देतं?

कोपऱ्यातली कॉट (धागाकर्ती)

पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहते. एमपीएससीचं तिसरं वर्ष. खोली १० बाय १२, त्यात पाच कॉट. म्हणजे माणशी २४ चौरस फूट. सहा बाय अडीचची कॉटच त्यातले १५ खाते. उरलेल्या नऊ फुटांत माझी ट्रंक, पुस्तकं, बादली आणि मी. भाडं कॉटमागे ३,२०० रुपये, म्हणजे एका खोलीचे मालकांना महिना १६,०००. करार नाही, पावती नाही. डिपॉझिट 'आमच्या वहीत लिहिलंय'.

आपल्याकडे भाडेकराराला 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतात. कागदावर मालक लायसन्सर, राहणारा लायसन्सी. परवाना तो मला देतो! माझं म्हणणं, उलटं करा. एकमेकांना परक्या पाच-सहा जणांना पैसे घेऊन एका छताखाली ठेवायचं, तर आधी महापालिकेकडून त्या जागेचा परवाना घ्या. वडापावची गाडी लावायला लागतो, माणसं कोंबायला नको?

आमचा जिना लाकडी. त्याच्याखाली सगळ्यांचे मीटर, मीटरला टेकून तीन स्कूटर. वर एका एक्स्टेन्शन बोर्डावर इंडक्शन, इस्त्री आणि पाच चार्जर. फेब्रुवारी २०२० मध्ये चंदीगडच्या एका पीजीत आग लागून तीन मुली गेल्या. तेव्हापासून मी जिन्याजवळची कॉट मागतेय. मिळालीय कोपऱ्यातली.

सदाशिवातली काकू

वाचून राग आला. चहा घेतला, आता लिहिते.

माझ्याकडे तीन मुली आहेत. यजमान गेल्यावर घर यावरच चालतं. करार दर वर्षी ऑनलाइन नोंदवते, कारण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणी ही मालकाची जबाबदारी. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड. मुद्रांक शुल्क भरते. पोलिसांना मुलींची माहिती देते. आता आणखी एक परवाना?

परवाना आला की दर वर्षी कोणीतरी टेप घेऊन येणार. टेप गुंडाळता गुंडाळता "बघू या काय करता येतं" म्हणणार. तुमच्या मालकांसारखे लोक ते 'बघून' टाकतील, अडकेन मी. आणि बाई, नोंदणीचा नियम चंदीगडला होताच की. ती पीजी नोंदलेलीच नव्हती.

कोपऱ्यातली कॉट

काकू, तुम्ही करार नोंदवता याबद्दल खरंच हात जोडते. पण तो कागद भाडं आणि मुदत सांगतो. खोलीत किती डोकी, संडास किती, हे त्यात कोण बघतं? कलम ५५ ला त्याच्याशी देणंघेणं नाही. नोंदणी कार्यालयाने आमचा जिना पाहायचं कारणच नाही.

बेळगावकर, मुक्काम बंगळूर

इथे हा प्रयोग झालाय. जुलै २०२४ मध्ये कोरमंगलाच्या पीजीत एका मुलीचा खून झाला, त्यानंतर महापालिकेने पीजींच्या व्यापार परवान्यासाठी अटी काढल्या. माणशी किमान ७० चौरस फूट, दिवसाला १३५ लिटर पाणी, सीसीटीव्ही, अग्निसुरक्षा, स्वयंपाकघर असेल तर अन्नाचा परवाना वगैरे. मी स्वतः तेव्हा पीजीत होतो. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात काय झालं? दारात कॅमेरा लागला. कॉट तीनच्या तीन.

तरी मी परवान्याच्या बाजूने आहे. निदान तक्रार करताना बोट ठेवायला एक आकडा मिळाला. आधी नुसतं "फार दाटी होते हो" म्हणायचो.

लेस्टरहून

७० हा आकडा पाहून मजा वाटली. इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा जास्त लोक स्वयंपाकघर-बाथरूम वाटून राहत असतील, तर घराला लायसन्स सक्तीचं. पूर्वी घर तीन मजली असेल तरच लागायचं, ऑक्टोबर २०१८ पासून मजल्यांची अट गेली. एका प्रौढाच्या झोपायच्या खोलीचं किमान क्षेत्रफळ ६.५१ चौरस मीटर. करा हिशेब, ७० चौरस फूटच!

मी विद्यार्थी असताना आम्ही एका घरात चौघे होतो. पाचवा सोलापूरचा मित्र 'पाहुणा' म्हणून आठ महिने राहिला. मालकाला माहीत होतं, भाडंही तो रोख घ्यायचा. काउन्सिलचं, म्हणजे तिथल्या महापालिकेचं, पत्र आलं की मित्राची गादी कपाटामागे. म्हणजे आकडा ठेवला की त्याच्या एक खाली राहायची कला येतेच, तिथेही आणि इथेही. तीन-चार जणांच्या घरांनाही लायसन्स लावायची मुभा काउन्सिलांना आहे, ती काहींनी वापरलीय.

तिथलं मला आवडलं ते वेगळं. लायसन्स नसलेल्या घरातला भाडेकरू ट्रिब्युनलकडे जाऊन भरलेलं भाडं परत मागू शकतो. माझ्या वेळी १२ महिन्यांपर्यंतचं मिळायचं. इन्स्पेक्टर येवो न येवो, घरातल्याच माणसाला तपासणी करण्यात फायदा. काकूंच्या टेपवाल्या बाबाची गरजच कमी होते.

सदाशिवातली काकू

हे बरं आहे. वर्षभर राहायचं आणि जाताना सगळं भाडं परत मागायचं!

लेस्टरहून

सगळं मिळतंच असं नाही, ते ट्रिब्युनल ठरवतं. आणि लायसन्स घेतलंत तर प्रश्नच मिटला.

पीटी-३ पीडित

एक व्यवहारातलं बोलू का? पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकत करात ४० टक्के सवलत आहे. पीटी-३ फॉर्म भरून किती 'स्वतः राहणारे' भाडं खातात ते देवाला माहीत. परवाना मागायला गेलं की ती सवलत पहिली जाणार. म्हणून कोणी जाणार नाही. सुरक्षेची नोंद आणि कराची नोंद यांची दोन वर्षं तरी फारकत करा, मग बघा किती जण येतात.

(सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे बोललो, तर सेक्रेटरींनी पाणी मागवलं.)

कोपऱ्यातली कॉट

पीडितांचा मुद्दा पटला, आवडला नाही. चोरून भाडं घेणाऱ्याला आणखी सूट का? पण जिना आधी, कर नंतर, हे मान्य.

सदाशिवातली काकू

तुमच्या ७० ने मला झोप लागेना. सकाळी शिलाईची टेप घेऊन खोली मोजली. १४ बाय ११, म्हणजे १५४. तीन मुलींना माणशी ५१ आणि थोडं. तुमच्या नियमाने दोघीच राहू शकतात. तिसरी परभणीची आहे, पुढच्या महिन्यात पूर्वपरीक्षा. तिला मी सांगायचं, की तुम्ही येताय सांगायला? आणि उरलेल्या दोघींनी तिचं भाडं वाटून घ्यायचं का?

कोपऱ्यातली कॉट

नाही काकू, तिला काढायचं नाही. माझ्या २४ पुढे तुमचे ५१ म्हणजे बंगला. ७० वर मी अडून बसत नाही. जुन्या वाड्यांना ५० ठेवा, चालू मुक्काम पुरा होईपर्यंत मुदत द्या. फक्त एक सांगा, तुमच्या मुलींना रात्री बाहेर पडायला दुसरं दार आहे?

सदाशिवातली काकू

मागे बोळात उघडतं. गेल्या दिवाळीत सिलेंडर चोरीला गेला, तेव्हापासून कुलूप लावलंय. किल्ली माझ्या उशाशी असते.

सदाशिवातली काकू

आतून कडी बसवायला सुताराला फोन केलाय, तो गुरुवारी येतो म्हणाला. परवान्याला माझा विरोधच आहे.