मदत हवी आहे: ढग गडगडले की कुत्रा सैरभैर होतो

रानजाई: लवकर सांगा कोणीतरी. काल संध्याकाळी पुन्हा वळीव आला. आम्हाला काही ऐकूही आलं नव्हतं तेव्हापासून राजाला धाप लागली, लाळ गळायला लागली. मग बाथरूमचं दार इतकं ओरबाडलं की दोन नखांतून रक्त आलं. त्याला जवळ घ्यायचं की नाही? सासूबाई म्हणतात, लाड केलेस तर अजून घाबरट होईल. आजही आभाळ भरून आलंय. एखादी गोळी सांगा.

कोकणकडा: वय? वजन? पहिल्यापासून घाबरतो की आत्ता सुरू झालं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

निळूभाऊ_सातारा: जवळ घ्या, बिनधास्त. भीती म्हणजे खोड नव्हे, लाडाने वाढायला. आमची लॅब माझ्या मांडीखाली डोकं खुपसते, मी वादळ सरेपर्यंत हलत नाही. बाथरूममध्ये जायचं असेल तर दार उघडंच ठेवा. पडदे ओढा, पंखा मोठा करा, टीव्ही लावा. फोनवर दामिनी ॲप घ्या, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे. जवळपास विजा असतील तर आधी कळतं.

माळरान: आमच्या वस्तीवरची कुत्री उघड्यावर असतात, काही होत नाही. अंगणात बांधा दोन-चार पावसांत, सवय होईल.

निळूभाऊ_सातारा: कृपा करून बांधू नका! घाबरलेलं कुत्रं साखळीला हिसके देऊन गळा आवळून घेतं. सवय लावायची ती हिवाळ्यात, आभाळ मोकळं असताना. गडगडाटाचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावायचं, सोबत चिकनचा तुकडा. कान टवकारले तरी आवाज आणखी कमी करायचा.

पाटीलवाडा: टीव्ही कसला लावताय? विजा चमकताना प्लग काढून ठेवावा, नळालाही हात लावू नये. सोसायटीवर वीजरोधक आहे का?

शुभदा_क: गोळीबद्दल लिहिते. आमच्या ब्रूनोला पूर्वीच्या डॉक्टरांनी नुसतं एसेप्रोमाझिन हे गुंगीचं औषध दिलं होतं. निपचित पडला, पण डोळे टक्क उघडे आणि दर गडगडाटाला कातडी थरथरायची. भीती तशीच, फक्त हलता येत नव्हतं. ते डोळे मी विसरले नाही. आता दुसऱ्या डॉक्टर ट्रॅझोडोन देतात, वादळाच्या दीड-दोन तास आधी. मात्रा वजनावर ठरते, म्हणून इथे विचारून देऊ नका. आणि घरातली माणसांची औषधं तर नकोच.

रानजाई: देशी आहे, ९ वर्षांचा, २२ किलो. तळेगावला चौथ्या मजल्यावर राहतो. गेल्या वर्षीपर्यंत गॅलरीत बसून पाऊस बघायचा. हे सगळं यंदाच.

कोकणकडा: अहो ताई, हे आधी सांगायचं ना! म्हातारपणी अचानक आवाजाची भीती सुरू झाली तर आधी दुखणं शोधा. दचकला की अंग आखडतं, दुखऱ्या सांध्यात कळ येते, आणि ती कळ त्याच्या डोक्यात आवाजाशी जोडली जाते. उठायला वेळ लावतो का? जिना चढतो का?

रानजाई: लिफ्ट आहे. पण महिनाभर गाडीत उडी मारत नाही, उचलून ठेवावं लागतं. आम्हाला वाटलं वय झालं.

कोकणकडा: मग डॉक्टरांना हेच पहिल्यांदा सांगा. कंबर आणि मागचे पाय नीट तपासायला सांगा. शक्य असेल तर त्याच्या चालण्याचा व्हिडिओ काढून न्या, दवाखान्यात कुत्री बऱ्याचदा लंगडत नाहीत.

माळरान: दिवाळीत फटाक्यांना काय करता मग?

शुभदा_क: त्यासाठी वेगळा धागा काढा ना. ताई, नखं कोमट पाण्याने धुऊन कोरडी करा, हळद लावू नका, चाटून टाकेल.

रानजाई: उद्या सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे. नखं धुतली. आत्ता इथे गडगडायला लागलंय. दार उघडं ठेवलंय, राजा बादलीमागे कोपऱ्यात बसलाय, मी उंबऱ्याशी बसले आहे. हनुवटी माझ्या पायावर ठेवली आहे त्याने. थरथरतोय, पण दार ओरबाडत नाहीये.