'रिस्टोरेशन'ला 'जीर्णोद्धार' म्हणावे का?

प्रश्न: जुन्या ॲनिमेशनपटांच्या ब्ल्यू-रे आवृत्त्यांविषयी लिहिताना मी 'रिस्टोरेशन'साठी 'जीर्णोद्धार' हा शब्द वापरतो. एका परिचितांनी त्यास हरकत घेतली आहे. हा शब्द चुकीचा आहे का? तसेच फिल्मवरील 'ग्रेन'ला, म्हणजे चित्रात दिसणाऱ्या बारीक कणांना, काय म्हणावे?

उत्तर: आपल्या परिचितांची हरकत मला रास्त वाटते. देवळाचा जीर्णोद्धार झाला असे आपण म्हणतो तेव्हा जुन्या दगडावर ऑइलपेंट चढला, फरशी बदलली, शिखर नवे झाले, तरी शब्दाला बाध येत नाही, कारण तिथे उद्धार वास्तूचा असतो, तिच्या मूळ रूपाचा असेलच असे नाही. चित्रपटाच्या बाबतीत मात्र सगळा प्रश्न मूळ रूपाचाच आहे. १९६३चा 'द स्वोर्ड इन द स्टोन' पाहा. त्या काळी चित्रकाराची पेन्सिलरेघ झेरोग्राफीने (छायाप्रतीच्या तंत्राने) थेट सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर, उतरवली जात असे, त्यामुळे रेघेचा खरखरीतपणा, क्वचित राहून गेलेली कच्च्या आराखड्याची रेघसुद्धा पडद्यावर दिसते. २०१३च्या ब्ल्यू-रेमध्ये चित्र इतके घोटून गुळगुळीत केले गेले की या रेघा पुसट झाल्या, आणि त्यावर जाणकारांनी कठोर टीका केली. असे काम 'जीर्णोद्धार' या शब्दात सहज मावते, 'रिस्टोरेशन'मध्ये मावत नाही. म्हणून मी 'पूर्वरूपास आणणे' हे क्रियापद आणि 'पूर्वरूपण' हे नाम सुचवतो. नुसते निगेटिव्ह सांभाळून ठेवणे म्हणजे 'जतन'. त्याला दुसरा शब्द शोधण्याचे कारण नाही.

'ग्रेन'साठी 'रवा' हा शब्द घ्यावा. रवाळ तूप आपण चांगले मानतो, तोच भाव इथे हवा आहे. हाताने काढलेल्या चित्रपटात एकच चित्र पुष्कळदा लागोपाठ दोन चौकटींसाठी टिपलेले असते. चित्र तेच, पण प्रत्येक चौकटीतला रवा वेगळा, आणि त्या हालचालीमुळेच स्थिर चित्र निर्जीव वाटत नाही. सेलवर बसलेली धूळ ही निराळी गोष्ट आहे, तिला 'कचरा' म्हणावे आणि ती काढावी. १९३७च्या 'स्नो व्हाइट'ची प्रत्येक चौकट १९९३मध्ये संगणकावर घेऊन असा कचरा काढला गेला. मात्र आज हे काम यंत्रावर सोपवले, तर एकाच चौकटीत दिसणारी ठिणगी किंवा पावसाचा थेंबही ते कचरा समजून उचलते. 'रवा' आणि 'कचरा' हे दोन शब्द वेगळे ठेवण्याचा माझा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

दुसरे उत्तर: 'रवा' मनापासून पटला. 'पूर्वरूपण'बद्दल एक शंका आहे. जर्मन ॲनिमेशनकार लोटे राइनिगर यांच्या १९२६च्या 'प्रिन्स आख्मेद' या चित्रपटाचे मूळ निगेटिव्ह नष्ट झाले आहे. १९९०च्या दशकात तो रंग दिलेल्या एका जुन्या नायट्रेट (त्या काळच्या फिल्मचा प्रकार) प्रतीवरून पुन्हा उभा करण्यात आला. जिथे मूळच हाती नाही, तिथे पूर्वरूप कशाला म्हणायचे?

उत्तर: शंका योग्य आहे. अशा ठिकाणी 'पुनर्रचना' लिहावे, आणि ती कोणत्या प्रतीवरून केली हे त्याच वाक्यात सांगावे. 'पूर्वरूपण' हा शब्द मूळ निगेटिव्ह समोर असेल तेव्हाच वापरावा.