फायर ब्रिगेड: सीनियर माणसांना "आत जाऊ नका" कसं सांगायचं?

नवीन_एएसओ
नमस्कार मंडळी. मुंबई फायर ब्रिगेडमध्ये डायरेक्ट भरतीतून सहाय्यक केंद्र अधिकारी (एएसओ) म्हणून लागलोय. माझ्या पाळीतले लीडिंग फायरमन आणि ड्रायव्हर जवळजवळ माझ्या वडिलांच्या वयाचे, त्यांनी काय काय पाहिलंय ते ऐकूनच मान खाली जाते. मध्यंतरी एका जुन्या लाकडी बिल्डिंगची वर्दी (आगीचा कॉल) होती, तळमजल्यावर गोडाऊन, वरची माणसं सगळी खाली आलेली, म्हणून मी म्हटलं बाहेरूनच पाणी मारू. तर एक सीनियर म्हणाले, "साहेब, रस्त्यावर उभं राहून आग विझते का?" आणि होज घेऊन दोघांसकट आत गेले पण. आग विझली, कुणाला काही झालं नाही, स्टेशनला आल्यावर सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली. आता मला रात्री हाच विचार असतो की पुढच्या वेळी खरंच बिल्डिंग खाली येणार असली तर माझं कोण ऐकणार? प्लीज अनुभवी लोकांनी सांगा.

निवृत्त_केंद्रअधिकारी
आग विझली म्हणून तुमची ऑर्डर चुकीची ठरत नाही हे आधी मनात पक्कं करा. माणसं बाहेर आलीत ना, मग आत वाचवायचं काय होतं? कापडाचे गठ्ठे? गठ्ठ्यांसाठी माणूस आत घालायचा नाही.

९ मे २०१५ चं काळबादेवी, गोकुळ निवास. आगीत बिल्डिंग कोसळली आणि आपले चार अधिकारी गेले. राणे साहेब, देसाई साहेब, मग हॉस्पिटलमध्ये अमीन साहेब आणि चीफ नेसरीकर साहेब. चीफ स्वतः पुढे होते. आपल्याकडे साहेब पुढे असतो याचा मला आजही अभिमान आहे, पण साहेब पुढे असला की मागून अख्ख्या बिल्डिंगकडे बघणारं कुणीतरी लागतं, त्याचं काम फक्त तेच, होज पकडायचा नाही, फोन घ्यायचा नाही, आणि त्याने "बाहेर" म्हटलं की चीफने पण बाहेर यायचं. हे कागदावर असून चालत नाही, पाळीच्या सुरुवातीलाच नाव घेऊन सांगा की आज बघणारा कोण.

आणि १४ एप्रिलला आपण मानवंदना देतो तेव्हा १९४४ चं सगळं आठवा. मुंबई बंदरात फोर्ट स्टिकिन जहाजात कापूस आणि दारूगोळा एकत्र, दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात आली, आणि जहाज तिथंच बुडवायचं की बंदराबाहेर न्यायचं यावर तिथल्या साहेब लोकांचं एकमत होईना. चार वाजून काही मिनिटांनी पहिला स्फोट झाला. आपले ६६ जवान गेले, ते बिचारे तोपर्यंत पाणीच मारत होते. शेवटचा शब्द कुणाचा हे ठरलेलं नव्हतं म्हणून ती वेळ गेली असं माझं स्पष्ट मत आहे.

लीडिंग_फायरमन_दादर
साहेब, आमच्या बाजूने पण ऐका. तो सीनियर तुमचा अपमान करायला आत गेला नाही, त्याला तसंच शिकवलंय, मागे राहिला तो घाबरला असं आम्ही पोरं असताना मानायचो. त्याला सगळ्यांसमोर बोलू नका, चहाच्या वेळी बाजूला घ्या आणि विचारा, "काका, लाकडी बिल्डिंग पडायच्या आधी काय काय होतं ते पोरांना सांगाल का?" तो तासभर बोलेल. वरून चुन्याची माती पडायला लागते, आधी चिमूटभर मग ओंजळभर, दरवाजे चौकटीत अडकतात, तुळईचा कड् कड् आवाज येतो, पाणी आपणच इतकं मारलेलं असतं की वरच्या मजल्यावरचे गठ्ठे पिऊन पिऊन जड होतात. हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. मग त्यालाच बाहेर बघायला उभा करा. तो स्वतः "माती पडतेय, बाहेर या" ओरडला की कुणाची हिंमत नाही आत थांबायची.

अजून एक, बीए सेटची (धुरात श्वास घ्यायचा पाठीवरचा हवेचा सिलेंडर आणि मास्क) हवा संपत आल्याची शिट्टी ५०-५५ बारला वाजते आणि पोरं तेव्हा निघायला लागतात. तेव्हा बाहेर असायला पाहिजे. कोण किती प्रेशरवर आत गेला ते लिहून घेणारा माणूस गेटवरून हलवू नका, गर्दी झाली आणि नगरसेवक आले की पहिला तोच हलतो.

फायरमनची_बायको
मी बाहेरची आहे पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमचे हे इमारत कोसळल्याच्या ड्युटीवरून आले की दोन-दोन दिवस बोलत नाहीत, लहान मूल काढलं असेल तर जेवत पण नाहीत. त्यांच्या जुन्या साहेबांची एक सवय होती, स्टेशनला परत आल्यावर गाड्या धुवून झाल्या की सगळ्यांना बसवायचे आणि विचारायचे, काय दिसलं, काय खटकलं. कुणाला झापायचे नाहीत. त्या काळात हे घरी येऊन झोपायचे तरी. साहेब बदलले आणि ते बंद झालं, का झालं कुणास ठाऊक. एएसओ साहेब, तुम्ही तेवढं चालू करा, माझी हात जोडून विनंती आहे.

नवीन_एएसओ
ताई, चालू करतो, नक्की. दादरवाले काका, तुमचं वाचून डोक्यातला गुंता बराच सुटला, उद्याच त्यांच्याशी बोलतो. एकच राहिलं, टॉवरचं काय? आपली शिडी ९० मीटरची, त्याच्या वर सगळं बिल्डिंगच्या स्वतःच्या सिस्टिमवर, आणि बीए लावून वीस मजले चढलेल्या पोराला वॉकीटॉकीवर नीट ऐकू आलं नाही तर बाहेर काढायचं कसं?

निवृत्त_केंद्रअधिकारी
आगीच्या दोन मजले खाली एक अधिकारी बसवा, जास्तीचे सिलेंडर आणि बदली पोरं तिथंच. वरच्यांशी तोच बोलेल, उत्तर आलं नाही तर बदली टीम घेऊन तोच पुढचं ठरवेल. खाली उभं राहून वीस मजल्यांवरचं कुणाला कळत नाही. आणि तुमच्या हद्दीतल्या टॉवरमध्ये वर्दी नसताना जाऊन या, वेट रायझरचा (बिल्डिंगमधला पाण्याने भरलेला उभा पाइप) पंप चालू करून बघा, फायर लिफ्टची चावी कुणाकडे असते ते वॉचमनला विचारा. सिस्टिम चालू असल्याचं सर्टिफिकेट सहा महिन्यांनी येतंच, पंप चालतोच असं नाही. जाताना त्या सीनियरला सोबत घ्या.