साधी सायकल आणि आपण तिच्यात केलेले बदल

बालाघाटी
गेल्या आठवड्यात अंबाजोगाईत एका दुकानासमोर दांड्याच्या ब्रेकची काळी सायकल उलटी करून ठेवलेली दिसली आणि चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणाऱ्या कारागिराचे हात पाहत मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. वडिलांनी लातूरहून आणलेली अशीच सायकल आमच्या घरी होती. तिच्यात मी केलेला पहिला बदल शोभेचा नव्हता. मागच्या चाकाचे १८ दात्यांचे फ्रायव्हील, म्हणजे चेन फिरवते ती दातेरी चकती, काढून मी २२ दात्यांचे बसवले आणि त्यासाठी चेनमध्ये कड्या वाढवून घेतल्या. पुढच्या चक्राला ४४ दाते होते, त्यामुळे आधी पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर जात असे, ती आता साडेचार मीटर जाऊ लागली. सपाटीवर वेग घटला, पण घाट मी सायकलवरून न उतरता चढू लागलो. ज्या कामासाठी गिअरच्या सायकलीला हजारो रुपये लागतात, ते एका चकतीत झाले, याचा आनंद अजून टिकून आहे. आपापल्या सायकलीत कोणी काय बदलले, ते सविस्तर लिहावे.

किटली
माझे वडील परभणीत दुधाचे रतीब घालत. त्यांच्या सायकलला आडव्या दांड्या दोन होत्या, पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याला जादा सळ्यांचा आधार होता आणि कॅरिअर वेल्डिंगवाल्याकडून जाड गजाचे करून घेतलेले होते. अशा सायकलीच्या मागच्या चाकाला ४० आणि पुढच्या चाकाला ३२ तारा का असतात, हे त्यांनीच मला समजावले: ओझे मागे, म्हणून तारा मागे जास्त. किटल्या कॅरिअरवर न ठेवता दोन्ही बाजूंना शक्य तितक्या खाली लटकवायच्या, म्हणजे वळणावर सायकल हेलकावत नाही. पहाटे निघण्यापूर्वी ते मागच्या तारा दोन-दोन करून चिमटीत दाबून पाहत आणि एखादी सैल लागली की तिथल्या तिथे चावीने आवळत. घरातल्या कोणत्याही वस्तूला त्यांनी इतके जपलेले मी पाहिले नाही.

माजलगावची लेक
राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळणाऱ्या सायकलींपैकी एक मला मिळाली होती. आईने जुन्या नऊवारीच्या काठाचे सीट कव्हर शिवले, काकांनी पुढे तारेची बास्केट बसवली आणि मागे बसणाऱ्या धाकट्या बहिणीसाठी पाय ठेवायला दोन पायट्या लावल्या. दसऱ्याला आम्ही दोघी ती धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालत असू. ती सायकल नसती तर आठवीनंतर माझी शाळा सुटली असती, हे मी खात्रीने सांगते. आज माझ्या वर्गातल्या मुली सायकलवरून येतात, तेव्हा कोणाच्या चाकात हवा कमी आहे, हे मी आधी पाहते.

बालाघाटी
ताई, पायट्यांसाठी वेल्डिंग करावे लागले का?

माजलगावची लेक
नाही दादा, मागच्या आसाच्या, म्हणजे चाक ज्या दांड्यावर फिरते त्याच्या, नटाखालीच त्या अडकवल्या होत्या.

काळं रान
मराठवाड्यातला खरा बदल पावसाळ्यात करावा लागतो. काळी माती ओली झाली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी ठासून बसते की चाक फिरतच नाही आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मडगार्ड उंच करून पाहणारे पुष्कळ आहेत, पण माझ्या मते जून ते दिवाळी ते काढूनच ठेवावे. कपडे खराब होतात, मात्र शेतात वेळेवर पोचता येते. बाभळीच्या काट्यांसाठी जुनी ट्यूब उभी कापून तिचा पट्टा टायरच्या आत घालावा. ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक घसरतो, त्यामुळे उतारावर पावसात आधीपासूनच वेग कमी ठेवावा.

जालन्याचा वायरमन
चाकाला घासून वीज करणाऱ्या डायनामोचा दिवा एलईडी करायचा असेल, तर डायनामोची वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, असते हे लक्षात ठेवावे. वीज एकाच दिशेने जाऊ देणारे चार डायोड जोडून ती डीसी, म्हणजे एकाच दिशेची, करावी आणि सोबत वीज साठवणारा एक मोठा कपॅसिटर लावावा, म्हणजे सायकल थांबल्यावरही दिवा काही क्षण तेवत राहतो. रात्री पाळीवरून घरी परतणाऱ्या शेजाऱ्यांना मी असे दिवे करून दिले. त्याचे पैसे घ्यावेसे वाटले नाहीत.

नांदेडकर
आजोबांची ॲटलस कंपनीची सायकल अडगळीत पडून आहे. आता तिचे सुटे भाग मिळतील का?

बालाघाटी
नक्की मिळतील. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद झाला. परंतु २८ इंची काळ्या सायकलींची मापे बहुतेक कंपन्यांची सारखीच असल्यामुळे तालुक्याच्या दुकानातले टायर, चेन आणि ब्रेकचे रबर तिला बसतात. आधी दोन्ही आस उघडून छर्रे, म्हणजे आतल्या पोलादी गोळ्या, रॉकेलमध्ये धुवावेत. मागचे छर्रे पाव इंची असतात. एकही झिजलेला दिसला तर सगळेच बदलावेत, नवे ग्रीस भरावे आणि त्यानंतरच टायर-ट्यूबवर खर्च करावा.

नांदेडकर
धन्यवाद. रविवारी मुलाला सोबत घेऊन आस उघडतो.