सल्ला हवा: मुलांशिवाय, दोघंच, दोन रात्री मुंबईत

कृष्णाकाठची
आम्ही सांगलीला असतो. मुलगा तिसरीत, मुलगी बालवाडीत. धाकटी झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलो नाही. लग्नं आणि दवाखाने धरत नाही. परवा सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "दोन दिवस जाऊन या कुठंतरी, पोरांचं मी बघते." त्यांचं मन बदलायच्या आत ठरवायचंय.

महाबळेश्वर नको, तिथे निम्मी सांगली भेटते. मला मुंबई हवी आहे. आजवर मुंबई पाहिली ती नातेवाइकांकडे उतरून. ठाण्याची आत्या, डोंबिवलीचे मावसदीर, सिद्धिविनायक, राणीचा बाग, की परत. यावेळी कुणाकडे उतरायचं नाही आणि कुणाला कळवायचंही नाही.

१५ ऑगस्टला जोडून जावं म्हणते. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघायचं. बजेट सगळं धरून वीस-पंचवीस हजार. यादी अशी: गेटवे, एलिफंटा, म्युझियम, हाजीअली, जुहू, बँडस्टँड, फॅशन स्ट्रीट, क्रॉफर्ड मार्केट, नेहरू तारांगण, एखादं नाटक. काही राहिलं असेल तर सांगा. हॉटेल कुठल्या भागात घ्यावं?

बोरीबंदर
राहिलं काहीच नाही, यादी वाचूनच मला धाप लागली. ही शाळेची सहल आहे हो. जुहू आणि क्रॉफर्ड मार्केट एकाच दिवशी केलंत तर त्या दिवसाची आठवण म्हणून टॅक्सीच्या मीटरचा फोटो काढून ठेवा. एक भाग धरा आणि तिथेच राहा. माझं मत फोर्ट-कुलाबा-मरीन ड्राइव्ह. गाडी सीएसएमटीला सोडते, सगळं चालत आहे, आणि तिथे रिक्षा नसल्यामुळे डोकंही शांत राहतं.

नृसिंहवाडी_एक्सप्रेस
ताई, ऑगस्टात सांगली सोडून जाताय? सासूबाई आणि दोन लहान पोरं घरात ठेवून? आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ मध्ये ते ५७ च्या पुढे गेलं होतं. घर उंचावर असेल तरी तुम्ही मरीन ड्राइव्हवर बसून कोयनेतून किती क्युसेक सोडलं तेच बघत बसाल. शिवाय १५ ऑगस्टला सगळी मुंबई बाहेर पडते आणि बाहेरचे सगळे मुंबईत येतात. दिवाळीनंतर जा. डिसेंबरच्या सुरुवातीला जमत असेल तर ६ तारखेच्या आसपासचे दिवस मात्र टाळा. चैत्यभूमीला लाखो लोक येतात, गाड्यांना उभं राहायला जागा नसते.

सदाफुली
आम्ही कधी मुलांना सोडून गेलो नाही. गेलो असतो तरी घास उतरला नसता. प्रत्येकाचं आपापलं.

मधली_सुट्टी
सदाफुली, तुमचं तुमच्यापाशी. पण ज्या बाईने प्रश्न विचारलाय तिला जेवायच्या जागा हव्या आहेत, घास उतरेल का ते ती बघून घेईल. सासू स्वतःहून म्हणतेय म्हणजे पोरांनाही दोन दिवस आजीचा लाड मिळणार आहे. कृष्णाकाठची, एकच सांग. तुम्हा दोघांना आवडतं काय? इतकी मोठी यादी दिलीस, पण त्यात तू कुठे दिसत नाहीस आणि तुझे मिस्टरही नाहीत.

कृष्णाकाठची
ऑगस्ट रद्द. पाण्याचं यांनाही पटलं, खरं तर तेच आधी म्हणाले होते. नोव्हेंबरअखेर बघते. गुरुवारी रात्री निघून शुक्र-शनि राहायचं आणि रविवारच्या महालक्ष्मीने परत.

मधली_सुट्टी, तुझा प्रश्न मी यांना वाचून दाखवला, तर बराच वेळ दोघंही गप्प. मग हे म्हणाले, जुन्या इमारती बघत चालायचं, मध्ये कुणी "पाणी", "शू" म्हणणार नाही. यांना क्रिकेटही लागतं. मला चित्रं बघायला आवडतात, कापड चाळायला आवडतं (घेतलंच पाहिजे असं नाही), आणि गरम गरम जेवायचं आहे. घरी मासे चालत नाहीत, दोघांनाही आवडतात. आणि झोप.

आणखी एक अडचण. माझं आधार अजून माहेरच्या नावाचं आहे. हॉटेलात काही विचारतात का?

दोनशे_पाच
हॉटेलच्या लाइनमध्ये आहे म्हणून सांगतो. दोघांचं प्रत्येकी एक ओळखपत्र पुरतं. आडनाव एकच असावं असा काही कायदा नाही. तरी लहान हॉटेलांच्या काउंटरवर एखादा शहाणा निघतो, म्हणून बुकिंग झाल्यावर फोन करून "दोघांची आडनावं वेगळी आहेत, चालेल ना" एवढं विचारून ठेवा. रात्रभर प्रवास करून आल्यावर वाद घालायची ताकद नसते.

दुसरं म्हणजे गाडी सकाळी साडेसातच्या सुमारास पोचते आणि चेक-इन बारा किंवा दोनला. लवकर खोली मिळेल का ते त्याच फोनवर विचारा. नाहीच मिळाली तर बॅग हॉटेलात ठेवून घेतात, किंवा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. तिथे बॅगेला कुलूप लागतं आणि तिकीट दाखवावं लागतं. चेनला लावायचं छोटं कुलूप घरूनच घेऊन या.

बजेटमध्ये जुन्या वळणाची हॉटेलं बघा. मरीन ड्राइव्हवर सी ग्रीन, न्यू मरीन लाइन्सला वेस्ट एंड, कुलाब्यात बेंटलीज. मादाम कामा रोडवरच्या वायडब्ल्यूसीएच्या गेस्ट हाऊसमध्ये जोडप्यांनाही घेतात. समुद्राकडची खोली हवी असेल तर बुकिंग करतानाच तसं लिहून घ्या, नुसतं "सी साइड" वाचून पैसे भरू नका.

गिरगावची_पोर
आता मी बोलते, माझं आयुष्य या भागात गेलंय.

शुक्रवारी सकाळी उतरलात की स्टेशनबाहेर समोरच्या फुटपाथवर जाऊन मागे वळून बघा. तुमच्या मिस्टरांचं पहिलं काम तिथेच झालं. बॅगा ठेवा आणि मेट्रो सिनेमासमोर कयानीत जा. १९०४ चं इराणी हॉटेल, बन मस्का, ऑम्लेट, मावा केक. सकाळी चौकड्याच्या टेबलक्लॉथवर काच, त्यावर चहाचा ओघळ, शेजारी कोर्टाची फाईल घेऊन बसलेले वकीलसाहेब. कुणी उठवत नाही. मग खोलीवर जाऊन झोपा. हो, मुंबईत येऊन झोपा. पडदे ओढा, फोन उलटा ठेवा.

चार वाजता बाहेर पडा आणि ओव्हल मैदानावर जा. एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, म्हणजे गॉथिक. दुसऱ्या बाजूला गोल बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा म्हणून घेतल्या. मधल्या मैदानात कुणी ना कुणी क्रिकेट खेळत असतंच, एका मॅचचा फिल्डर दुसऱ्या मॅचच्या पिचवर उभा. तिथे यांना तासभर सोडून द्या. उन्हं कलली की चर्चगेटवरून मरीन ड्राइव्ह. वाटेत के. रुस्तमची आइस्क्रीम, दोन पातळ बिस्किटांमध्ये जाड लादी. हातात घेतल्या घेतल्या खायची, फोटोला थांबलात तर कोपरापर्यंत ओघळते. कठड्यावर बसा, पण पलीकडच्या सिमेंटच्या चौपायी दगडांवर उतरू नका, शेवाळ असतं.

शनिवारी काळा घोडा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहेच, पण सगळं बघायचा हट्ट नको. लघुचित्रांचं दालन बघा आणि बाहेर बागेत बसा. जहांगीर आर्ट गॅलरी शेजारी आहे, तिथे प्रवेश फुकट आणि चित्रकार बहुतेक वेळा स्वतः उभे असतात, बोलतात. समोर चौकात एनजीएमए, म्हणजे आधुनिक चित्रांचं सरकारी संग्रहालय. दुपारी मासे: फोर्टात महेश लंच होम, सुरमईची गस्सी (नारळाच्या वाटणाचं कालवण) आणि नीर डोसा. नाहीतर बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया, १९२३ पासूनचं पारशी-इराणी, बेरी पुलाव आणि शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. तिथे दुपारीच जा. कापड चाळायचं तर मंगलदास मार्केट शनिवारी, रविवारी बंद असतं. मिस्टरांना तिथे नेऊ नका. त्यांना एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांकडे पाठवा, दोन तासांनी भेटा.

खर्च करायचाच असेल तर ताजच्या सी लाउंजमध्ये चहा घ्या. खिडकीतून गेटवे आणि बोटी दिसतात. जुन्या मुंबईत बड्या घरांचे मुलगी बघायचे कार्यक्रम तिथे व्हायचे. तुमचा झाला असेल पोह्यांवर, त्याची भरपाई. बिल मात्र घरच्या महिन्याच्या किराण्यासारखं येतं, आधी मेनू बघून घ्या.

बोरीबंदर
एलिफंटाबद्दल कुणी बोललं नाही. जायला तासभर, यायला तासभर, वर शे-सव्वाशे पायऱ्या. लेणी अप्रतिम, त्रिमूर्तीसमोर माणूस गप्प होतो. पण दोन दिवसांतला अर्धा दिवस जातो. बोटीत बसायची हौस असेल तर गेटवेहून मांडव्याला जा, जेट्टीवर काहीतरी खा आणि पुढच्या बोटीने परत या.

गिरगावची_पोर
मला नाही पटत. ज्यांनी एलिफंटा पाहिलंच नाही त्यांना मांडवा काय सांगतोस? फक्त सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. शनिवारी गर्दी फार, जायचं तर शुक्रवारी पहिल्या बोटीने. पण मग झोप गेली.

लोकल_डबा
नाटकाचं: दादरला शिवाजी मंदिर, माटुंग्याला यशवंत, पार्ल्याला दीनानाथ. रविवारी दुपारचा प्रयोग घ्या. मेट्रो ३ आता कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण चालू झालीय. हुतात्मा चौकाला बसायचं, दादरला उतरायचं, प्लाझासमोर शिवाजी मंदिर. नाटकाआधी प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष.

नृसिंहवाडी_एक्सप्रेस
सांगलीच्या माणसांना नाटक बघायला दादरला पाठवता? विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटकाची सुरुवात सांगलीतच तर केली. उद्या भडंग पण मुंबईहून आणायला सांगाल.

लोकल_डबा
सुरुवात सांगलीत झाली म्हणूनच आता तिकडे प्रयोगांची वाट बघत बसता ना!

मधली_सुट्टी
नाटक नकोच असेल तर शनिवारी संध्याकाळी नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात काय आहे ते बघ, गाणं किंवा वाद्यवृंद. आणि मलबार हिलला झाडीतून जाणारी उंचावरची लाकडी वाट झालीय, तिकीट २५ रुपये, स्लॉट ऑनलाइन घ्यावा लागतो. रविवारी सकाळी लवकरचा घे, तिथून बाणगंगा तलावाकडे उतरा.

आता मुलांचं. व्हिडिओ कॉल रात्री झोपायच्या वेळी करू नकोस. धाकटी दिवसभर मजेत असते आणि तुझं तोंड दिसलं की भोकाड पसरते, मग आजीला अकरापर्यंत फेऱ्या माराव्या लागतात. दुपारी जेवण झाल्यावर कर, दोन मिनिटं. सासूबाईंसाठी दोन दिवसांच्या पोळ्या-भाजीचं बाहेर सांगून ठेव, त्या नको म्हणतील तरी. तापाचं औषध किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून कागदावर मोठ्या अक्षरात लिही आणि फ्रिजवर लाव. व्हॉट्सॅपवर पाठवलेलं त्यांना ऐनवेळी सापडत नाही. शेजारच्या एका घरी सांगून ठेव. बस्स.

सदाफुली
धाकटीला तुमची वापरलेली ओढणी देऊन ठेवा उशाशी. माझी बहीण बाळंतपणाला गेली तेव्हा तिच्या मोठीला आम्ही तशी दिली होती, झोपायची.

कृष्णाकाठची
सदाफुली, हे सुचलंच नसतं, नक्की करते.

ठरलं ते असं. हॉटेल चर्चगेटच्या बाजूला, फोन करून आडनावांचं विचारलं, "काही प्रॉब्लेम नाही मॅडम" म्हणाले. शुक्रवारी गिरगावची_पोर म्हणते तसंच, झोपेसकट. शनिवारी काळा घोडा, मासे, आणि मंगलदास मी एकटी. एलिफंटा, जुहू, तारांगण रद्द. तारांगण पोरांना घेऊन पुढच्या वेळी. रविवारी मलबार हिल. नाटकावर एकमत नाही. यांना नको, कारण अंधारात त्यांना झोप लागते आणि पैसे वाया जातात.

सी लाउंजचा मेनू बघितला. हे म्हणाले, "चहा एक घेऊ आणि दोन कप मागू."

दोनशे_पाच
तसं मागायला लाजू नका, फक्त बसायला खिडकीचं टेबल आधी सांगून ठेवा.

लोकल_डबा
बाकी सगळं नंतर, आधी परतीचं तिकीट काढा. बुकिंग आता ६० दिवस आधीच उघडतं आणि रविवार रात्रीची महालक्ष्मी पटकन भरते. वेटिंगवर राहिलात तर सोमवारी सकाळी पोरांच्या डब्याला सासूबाईच.