मदत हवी आहे: 35 दिवसांचं सोयाबीन पिवळं, मुळावर गाठी दिसत नाहीत. युरियाची दुसरी बॅग द्यावी का?

वावर_धुरा (यवतमाळ जिल्हा)

भारी काळी जमीन, तीन एकर. सोयाबीनचे सहा तास (ओळी), तुरीचा एक तास. मागच्या वर्षी पऱ्हाटी (कापूस) होती, त्याआधी सोयाबीन. पेरताना एकरी डीएपी खताची एक बॅग दिली आणि 18 व्या दिवशी युरियाची एक बॅग फेकून दिली. बियाण्याला बुरशीनाशक आणि रायझोबियमची (मुळावर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणाऱ्या जिवाणूची) पावडर एकाच वेळी लावली. युरिया दिल्यानंतर आठ दिवस झड होती, खालच्या अंगाला पाणी साचून होतं.

आता खालची पानं पिवळी पडताहेत, शेंडा हिरवा आहे. चार झाडं उपटून पाहिली, मुळावर गाठी जवळजवळ नाहीत. तूर मात्र हिरवीगार. कृषी केंद्रात म्हणतात आणखी एक बॅग युरिया टाका. टाकू का? आणि तुरीच्या गाठीतलं नत्र शेजारच्या सोयाबीनला का मिळत नाही?

मूळगाठ

भाऊ, युरिया आधी थांबवा. उपटून पाहिलेल्या झाडावरून काहीच सांगता येत नाही. ओल्या काळ्या मातीत झाड ओढलं की गाठी मातीतच तुटून राहतात.

वावरात पाच ठिकाणं निवडा: उंच भाग, खालचा भाग, मधला, धुऱ्याजवळ (बांधाजवळ), आणि युरिया कमी पडला असेल ती कड. झाडाभोवती वीतभर अंतर सोडून कुदळीनं ढेकूळ उचला, बादलीत दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, माती आपोआप सुटू द्या. मग गाठी मोजा आणि नखानं मधोमध चिरा.

आतून लाल किंवा गुलाबी असेल तर गाठ काम करतेय. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा. हवेतलं नत्र फोडणारं विकर ऑक्सिजन लागला की निकामी होतं, पण जिवाणूला श्वासाला ऑक्सिजन तर हवाच. म्हणून हे द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवतं आणि बेतानं पुरवतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखंच. पांढरी गाठ एकतर कोवळी असते, नाहीतर बिनकामाची. हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलं. काळी, मऊ, वास येणारी म्हणजे पाण्यानं सडली. फुलावर आलेल्या झाडाला 8-10 तरी चांगल्या लाल गाठी हव्यात.

एक घोटाळा टाळा. सूत्रकृमीच्या (मुळात शिरणाऱ्या बारीक कृमींच्या) गाठीही मुळावर येतात. रायझोबियमची गाठ मुळाला बाहेरून चिकटलेली असते, अंगठ्यानं सहज निघते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं, काढायला गेलात तर मूळ तुटतं.

काळीमाती

खताचा हिशेब मांडतो, कारण खरी गोम तिथंच दिसतेय. डीएपीच्या 50 किलोच्या बॅगेत 18 टक्क्यांनी 9 किलो नत्र. युरियाच्या 45 किलोच्या बॅगेत 46 टक्क्यांनी साधारण 20.7 किलो. एकरी जवळजवळ 30 किलो झालं, म्हणजे हेक्टरी 74. सोयाबीनला सुरुवातीला हेक्टरी 20 ते 30 किलो पुरतं. तुमची डीएपीची एक बॅगच तेवढं काम करत होती.

जमिनीत नायट्रेट (युरियातून तयार होणारं नत्राचं रूप) भरपूर असलं की झाड गाठी बांधायचं टाळतं. गाठ झाडाला फुकट पडत नाही. नत्राच्या एका रेणूचा अमोनिया करायला किमान 16 एटीपी (पेशीतल्या ऊर्जेची नाणी) खर्च होतात, आणि ती सगळी साखर पानांनीच पुरवायची. आयतं मिळत असेल तर झाड जिवाणूला कशाला पोसेल? मुळं बोलावणं पाठवायची थांबतात. हे बोलावणं म्हणजे मुळातून झिरपणारी जेनिस्टीन, डेडझीन ही द्रव्यं. त्यांना जिवाणू उत्तर देतो, मग केशमूळ आकड्यासारखं वळतं आणि जिवाणू आत शिरतो.

त्यावर तुमची झड. साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन संपला की जमिनीतले दुसरे जिवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. म्हणजे युरिया गेला आणि त्यानं रोखलेल्या गाठीही झाल्या नाहीत. पीक दोन्हीकडून उपाशी राहिलं. आता परत बॅग टाकलीत तर हेच चक्र पुन्हा.

तुरीशी तुलना करू नका. या वयात तूर सावकाश वाढते, तिची भूक कमी. शिवाय तिला चालणारे जिवाणू आपल्या मातीत मूळचेच आहेत, चवळी-मुगाच्या गाठीतही तेच गट येतात. सोयाबीन पूर्व आशियातून आलेलं, त्याचा जिवाणू, ब्रॅडीरायझोबियम, वेगळ्या जातीचा. आणि तुरीच्या गाठीतलं नत्र तूर स्वतःसाठी वापरते. पाला गळून कुजला की ते जमिनीला मिळतं, या हंगामात शेजारच्या तासाला नाही.

हिरवाचारा

म्हणजे जिवाणू झाडाचं फुकट खाणारा परजीवीच झाला ना? काही गाठी काहीच देत नाहीत म्हणता.

मूळगाठ

नाही. झाड हिशेब ठेवतं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सोयाबीनच्या गाठींभोवतीच्या हवेतलं नायट्रोजन काढून त्याजागी आर्गॉन भरला. जिवाणू कामाला तयार, पण कच्चा मालच नाही. अशा गाठींमधली जिवाणूंची वाढ साधारण निम्म्यावर आली, आणि त्या गाठींना ऑक्सिजन कमी पोचत असल्याचं दिसलं. देणाऱ्याला पोसायचं, न देणाऱ्याचा पुरवठा आवळायचा, हा सोयाबीनचा व्यवहार आहे. दोघांचाही फायदा आहे म्हणून याला सहजीवन म्हणतात, पण ते अटींवर चालतं.

वावर_धुरा

सांगितल्याप्रमाणे खोदून पाहिलं. खालच्या अंगाला दर झाडाला 3-4 गाठी, काळ्या, दाबल्या की पाणी निघतं. मधल्या भागात 5-6, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान, आतून पांढऱ्या. पण पूर्वेच्या धुऱ्याला चार तासांना युरिया पुरला नव्हता, तिथं 14, 17, 12 गाठी. मुळाच्या वरच्या भागात झुबका, आतून लाल. ते तास हिरवेही आहेत.

काळीमाती

मग संशय उरला नाही. जिवाणू वावरात आहे, त्यानं पांढऱ्या कोवळ्या गाठीही धरल्यात. आधी खालच्या अंगाचं पाणी काढा, दर चार-सहा ओळींनंतर डवऱ्याला (कोळप्याला) दोरी गुंडाळून चर पाडा. वाफसा आल्यावरच डवरणी करा, चिखलात केलीत तर माती दाबून मुळांची हवा आणखी बंद होईल. मधला भाग बारा-पंधरा दिवस तसाच ठेवा आणि पुन्हा चिरून पहा. आतून गुलाबी दिसू लागलं की सोडून द्या. तोवर पिकाला टेकू म्हणून 2 टक्के युरियाची फवारणी, 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम, ऊन उतरल्यावर. पानातून दिलेलं इतकं कमी नत्र मुळांना अडवत नाही. खालच्या भागात मात्र गाठी सडल्यात आणि फुलं तोंडावर आली, तिथं पाणी निघाल्यावर एकरी 10-12 किलो युरिया ओळीत द्यायला माझी हरकत नाही.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असत्या तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण, आणि पिवळे-हिरवे ठिपके असते तर मोझॅक हा विषाणूचा रोग. तुमचं तसं नाही.

मूळगाठ

पुढच्या वेळी बियाण्याचा क्रम नीट ठेवा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक लावत असाल तर ते, आणि ते सुकल्यावर शेवटी रायझोबियम. बुरशीनाशकासोबत एकत्र कालवलं की बरेच जिवाणू तिथंच मरतात. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम पावडर. अर्धा लिटर पाण्यात 50 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा आणि त्यातलं पाव लिटरच्या आसपासच वापरा. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, जास्त पाण्यानं सुरकुततं आणि घासलं की सुटतं. चोळू नका, गोणपाटावर हलक्या हातानं वरखाली करा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा.

रब्बीत हरभरा घेणार असाल तर उरलेलं सोयाबीनचं पाकीट त्याला लावू नका. हरभऱ्याचा जिवाणू मेसोरायझोबियम, तो वेगळा. पाकिटावर पिकाचं नाव आणि मुदत वाचूनच घ्या, आणि दुकानात ते उन्हाच्या काचेत ठेवलेलं असेल तर दुसरं मागा.